‘माझं घर’ कॉलिंग…



२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार, सकाळचे सात. पुण्याहून भाचीचा फोन. अशा वेळी तिकडून फोन आला की आधी छातीत धस्स होतं (तुमच्याकडेही होत असणार; परदेशी राहण्याचा हा एक टॅक्सच आहे). पण ती म्हणाली, "मामा, सगळे ठीक आहेत. तू फक्त एक काम कर. फेसबुक उघड, आणि माझ्या लिबर्टीच्या फोटोखाली तू जे लिहिलंयस ना, ते पुसून टाक."

मला काही आठवेना. शोधलं. सप्टेंबर २०१८. ती तेव्हा शिकायला नुकतीच आली होती आणि आम्ही तिला रीतीप्रमाणे पुतळा दाखवायला घेऊन गेलो होतो. फोटोखाली मी लिहिलं होतं, "बाई मशाल घेऊन उभी आहे खरी, पण पाहुण्यांना वाट दाखवायला नाही, त्यांचे कागद नीट वाचता यावेत म्हणून!" सत्तावीस लाइक्स. त्यातला एक माझाच.

मी म्हटलं, "अगं, हा विनोद आहे. सात वर्षांपूर्वीचा आहे. आणि मी केलेला आहे, तू नाही."

"हो, पण भिंत माझी आहे ना," ती म्हणाली.

मग मी, मामा असल्यामुळे, भाषण सुरू केलं. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जे पाठ केलं होतं ते सगळं बाहेर काढलं. बोलण्याचं स्वातंत्र्य, सरकारवर टीका करण्याचा हक्क, फर्स्ट अमेंडमेंट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, फर्स्ट अमेंडमेंट तुझ्याकडे आहे. माझ्याकडे फक्त अपॉइंटमेंट आहे, आणि तीसुद्धा पुढे ढकललीय."

पुसलं मी. दहा सेकंदांचं काम. नंतर चहा केला, पेपर वाचला, पण तो रविवार काही नीट गेला नाही.

ज्यांना हा अमेरिकन प्रकार माहीत नाही त्या लंडनकर, दुबईकर मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. व्हिसाचा जो डीएस-१६० नावाचा फॉर्म आहे, त्यात २०१९ च्या मेअखेरपासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची नावं द्यावी लागतात. २०२५ च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं की नुसती नावं देऊन भागणार नाही, तुमची पानं 'पब्लिक' करा म्हणजे आम्हाला वाचता येतील. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून हेच एच-१बी आणि एच-४ वाल्यांना लागू झालं. म्हणजे आपल्या निम्म्या घरांना. वाचायचं म्हटलं की वेळ लागणारच, त्यामुळे हिंदुस्थानातल्या मुलाखतींच्या तारखा धडाधड पुढे गेल्या. तीन आठवड्यांची रजा काढून लग्नाला गेलेले लोक तिकडेच अडकले. आमची भाची त्यांतलीच एक. तिचं भाड्याचं घर टेक्सासमध्ये, गाडी टेक्सासमध्ये, मांजर शेजारणीकडे, आणि ती आईच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून रात्री दोनला मीटिंगा करतेय.

आता लगेच कोणी म्हणेल की हे सगळं अमुक एका अध्यक्षाचं काम. तसं नाही हो. १९६९ साली अर्नेस्ट मँडेल नावाच्या बेल्जियन मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाला इथल्या विद्यापीठांनी भाषणांना बोलावलं होतं आणि त्याला व्हिसा नाकारला गेला. त्याचं बोलणं ऐकण्याचा आम्हाला हक्क आहे म्हणून इथले प्राध्यापक कोर्टात गेले. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे विचार तपासण्याची हौस जुनीच आहे. तेव्हा मँडेलची छापलेली पुस्तकं वाचावी लागत होती. आता मामाची कॉमेंटसुद्धा पुरते.

पण मला आज सांगायचंय ते व्हिसापेक्षा फोनबद्दल. कारण त्या रविवारी माझ्या डोक्यात दुसरीच एक गोष्ट घोळत होती, ती पुढे येईलच. आधी एक खटला सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकाला तो माहीत असायला हवा असं माझं मत आहे.

२००९ साली सॅन डिएगोत डेव्हिड रायली नावाच्या माणसाची गाडी पोलिसांनी अडवली. कारण काय, तर गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली. पुढे गाडीत बंदुका सापडल्या, त्याला अटक झाली, आणि पोलिसांनी त्याच्या खिशातला स्मार्टफोन काढून तो वाचायला सुरुवात केली. त्यातल्या फोटो-व्हिडिओंवरून त्याला एका जुन्या गोळीबाराशी जोडलं गेलं. अटक केलेल्या माणसाचे खिसे तपासायचा पोलिसांना हक्क असतो, हा जुना कायदा. सरकारचं म्हणणं, फोनही खिशातच होता की!

याच्याबरोबर दुसरा एक खटला सुप्रीम कोर्टात ऐकला गेला, तो बॉस्टनचा, २००७ सालचा. त्यात तर साधा उघडझाप करायचा जुना फोन होता. माणूस पोलीस स्टेशनात, फोन पोलिसांच्या टेबलावर, आणि तो सारखा वाजतोय. बाहेरच्या छोट्या पडद्यावर नाव येतंय, 'माझं घर'. पोलिसांनी फोन उघडून तो नंबर काढला, नंबरावरून पत्ता काढला आणि त्या घरी जाऊन धडकले. मला हा तपशील विसरता येत नाही. गुन्हेगार असेल, ड्रग्ज विकत असेल; पण त्याच्या फोनमध्येही 'माझं घर' होतं, आणि घरचं कोणीतरी तो का येत नाही म्हणून फोन करत होतं.

२५ जून २०१४ ला निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलं की मंगळावरून कोणी पाहुणा आला तर फोन हा माणसाचा एक अवयवच आहे असं त्याला वाटेल. फोनची झडती आणि पाकिटाची झडती सारखीच हा सरकारचा मुद्दा तर त्यांनी चांगलाच उडवला. म्हणाले, घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची सफर या दोन्ही 'प्रवास' आहेत म्हणून त्या एकच असं म्हणण्यासारखं हे आहे. पूर्वी माणूस आलेलं प्रत्येक पत्र, काढलेला प्रत्येक फोटो, वाचलेलं प्रत्येक पुस्तक खिशात घालून फिरू शकत नव्हता. त्यासाठी ट्रंक ओढत न्यावी लागली असती. आज ती ट्रंक खिशात मावते. तेव्हा पोलिसांनी काय करावं? वॉरंट आणावं. संपलं.

(चार वर्षांनी, २०१८ मध्ये, याच रॉबर्ट्सनी कार्पेंटर खटल्यातही पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की फोन कंपनीकडची तुमच्या हिंडण्या-फिरण्याची नोंदही सहसा वॉरंटशिवाय घेता येणार नाही. त्या माणसाच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ जागा पोलिसांना फोन कंपनीकडून मिळाल्या होत्या. दिवसाला शंभर! गंमत म्हणजे तो पकडला गेला होता फोनची दुकानं लुटण्याबद्दल.)

२५ जून ही तारीख वाचून माझ्या वयाच्या मंडळींना काहीतरी आठवलं असेल. २५ जून १९७५. आणीबाणी. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, नाशकात. माझा काका 'मिसा'खाली आत होता. त्याची पत्रं यायची ती उघडून परत चिकटवलेली, आणि मध्येमध्ये ओळींवर काळी शाई. आजी ते पत्र खिडकीपाशी धरून उजेडात बघायची, शाईखालचं काही दिसतंय का म्हणून. काही दिसायचं नाही. पण मला आता जे जास्त आठवतं ते आजीचं उत्तर. तिचं पत्र लिहून देण्याचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझं अक्षर बरं होतं. एकदा तिने सांगितलं, "लिही, शेजारचे अण्णा भेटले होते." मी लिहिलं. मग म्हणाली, "खोड ते. अण्णांना कशाला त्रास." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर त्यालाच आत विचारत बसतील, हा अण्णा कोण म्हणून." शेवटी पत्रात उरायचं एवढंच, की पाऊस बरा आहे, गाय व्यायली, सगळ्यांच्या तब्येती ठीक. आत होता काका. तोंड बंद झालं ते बाहेरच्या आजीचं.

त्या रविवारी फेसबुकवरची ओळ पुसताना मला कोण आठवलं असेल ते आलंच तुमच्या लक्षात.

असो. रायलीचा निकाल वाचून मला फार अभिमान वाटला होता. नुकताच नागरिक झालेला माणूस जरा जास्तच अभिमानी असतो. पण या निकालाला एक मोठं भगदाड आहे आणि त्यात नेमके आपण राहतो. सीमा. विमानतळ. इमिग्रेशनच्या त्या पिवळ्या रेघेपाशी रायली लागू होत नाही असंच सरकार धरून चालतं. त्याचं मूळ पार १७८९ च्या पहिल्या काँग्रेसने केलेल्या कस्टमच्या कायद्यात आहे: बंदरात आलेलं जहाज तपासायचं, कर चुकवून माल आणलाय का बघायचं. आईने दिलेली लोणच्याची बरणी उघडून हुंगायची ती याच अधिकारात. माझी त्याला ना नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी पेट्या-पिंपांसाठी केलेला नियम आता फोनला लावला जातो आणि फोनमध्ये लोणचं नसतं.

सीमा-खात्याची २०१८ ची नियमावली उपलब्ध आहे. अधिकारी हाताने फोन चाळू शकतो, त्याला काही संशयबिंशय लागत नाही. यंत्र जोडून आतलं सगळं काढून घ्यायचं असेल तर सबळ संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं. आणि जे फोनमध्ये नाही, दूर कुठल्या सर्व्हरवर आहे, ते बघायचं नाही. त्यासाठी फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकायचा. अपील कोर्टांचा मात्र मेळ नाही. पश्चिमेकडच्या कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं की यंत्राने झडती घ्यायची तर फोनमध्येच बेकायदा माल असल्याचा संशय हवा. बॉस्टनच्या कोर्टाने २०२१ मध्ये सरकारचं बहुतेक सगळं मान्य केलं, आणि त्यावर सुनावणी घ्यायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला. २०२४ मध्ये ब्रुकलिनच्या एका न्यायाधीशांनी तर सीमेवरही वॉरंट हवं असं म्हटलं. म्हणजे तुमचा हक्क तुमच्या तिकिटावर कुठला विमानतळ छापलाय यावर!

आकडे बघितले तर घाबरण्यासारखं काही नाही. २०२४ च्या सरकारी वर्षात ४२ कोटींच्या आसपास लोक आत आले आणि सुमारे ४७ हजार उपकरणं तपासली गेली. दहा हजारांत एखादा.

मी त्या दहा हजारांतला एखादा होतो.

२०२२ साली आईचं आजारपण उरकून परत येत होतो. विमानतळ कुठला ते सांगत नाही, महत्त्वाचं नाही. बॅगा आल्या आणि मला बाजूच्या खोलीत बसवलं. खोलीतली बहुतेक मंडळी आपल्यासारखीच सावळी होती, पण त्यावर आत्ता लिहीत नाही. तरुण अधिकारी होता, सभ्य होता. म्हणाला, फोन अनलॉक करून द्या.

मला कायदा माहीत होता. मी नागरिक आहे. पासवर्ड दिला नाही म्हणून नागरिकाला देशात यायला मज्जाव करता येत नाही; फार तर फोन ठेवून घेतात, आठवडे लावतात. हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी ऐकवलेलं होतं. आणि तरीही मी काय केलं असेल? चौदा तासांचा प्रवास झालेला, बाहेर मुलगा गाडी घेऊन उभा, सोमवारी ऑफिस. फोन तोंडासमोर धरला. तो उघडला. त्याच्या हातात दिला.

बारा मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून माहीत. तो अंगठ्याने वर सरकवत होता आणि मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. एकदा त्याने विचारलं, ही कुठली लिपी? मी म्हटलं, मराठी. तो 'कूल' म्हणाला.

तिथे बसल्याबसल्या आठवायला लागलं, आत काय काय आहे. माझं म्हणाल तर फारसं काहीच नाही. बँकेचे मेसेज, सकाळचे फुलांचे फोटो, कुणीतरी पाठवलेले आणि मी न ऐकलेले अभंग. पण आईचे हॉस्पिटलमधले रिपोर्ट होते. तिच्या पाठीवरच्या जखमेचे फोटो होते, डॉक्टरांना दाखवायला काढलेले. ताई आणि तिच्या दिरांचं घराच्या वाटणीवरून चाललेलं, त्याचे कागद. एका मित्राने रात्री एक वाजता लिहिलेला मेसेज, जो त्याने बायकोलाही सांगितलेला नव्हता. ऑफिसच्या मेल, ज्या बाहेरच्याला दाखवणार नाही असं मी सही करून दिलेलं आहे. यातलं माझं काय होतं? मी कुठल्या अधिकाराने उघडून दिलं? "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मीही म्हणायचो. माझ्याकडे नसेलही. आईची जखम माझी नव्हती.

आईला मी हे सांगितलं नाही. मित्रालाही नाही. तो हे वाचत असेल तर आत्ता सांगतो: बाबा रे, माफ कर. मराठीत होतं, एवढाच आधार.

आता दुसरी बाजू. आपल्यातल्या एका गृहस्थांशी माझा यावर कडकडीत वाद झाला. त्यांचं म्हणणं, घरात कोणाला घ्यायचं हे यजमान ठरवणार की पाहुणा? दहशतवादी हल्ले होतात, दोन पोस्टी वाचल्या तर बिघडलं काय? मुद्दा फालतू नाही. कोण आत येतंय हे बघण्याचा कुठल्याही देशाला हक्क आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्या घटनेमुळे या सोशल मीडियाच्या तपासणीला जोर आला तीच बघा. २ डिसेंबर २०१५, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. नवरा-बायकोने गोळीबार करून १४ माणसं मारली. बायको लग्नाच्या व्हिसावर आलेली होती. लगेच ओरड झाली की तिने फेसबुकवर उघड उघड लिहिलं होतं आणि व्हिसा देणाऱ्यांनी बघितलं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत एफबीआयच्या संचालकांनीच खुलासा केला की तसं नाही, ते खासगी मेसेज होते. म्हणजे भिंत कितीही वाचली असती तरी सापडलं नसतं. ज्याला खरंच काही करायचंय तो भिंतीवर लिहीत नाही. भिंतीवर लिहितो तो मामा.

त्याच घटनेतल्या आयफोनचं पुढचं रामायण अनेकांना आठवत असेल. फोनचं कुलूप तोडायचं सॉफ्टवेअर तयार करून द्या असा हुकूम २०१६ च्या फेब्रुवारीत ॲपलला झाला, ॲपलने नाही म्हटलं, सगळीकडे चर्चा. आणि मार्चअखेरीस सरकारने अर्ज मागे घेतला, कारण तिसऱ्याच कोणाकडून कुलूप उघडून मिळालं होतं! कायद्याचा प्रश्न राहिला तिथेच.

लंडनकर मंडळींनी फार हसू नये. तुमच्याकडे २००० सालच्या दहशतवाद-विरोधी कायद्याचं सातवं परिशिष्ट आहे. विमानतळावर कुठलाही संशय नसताना सहा तासांपर्यंत बसवून ठेवता येतं (पूर्वी नऊ होते), आणि पासवर्ड न देणं हाच गुन्हा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, स्नोडेनची कागदपत्रं छापणाऱ्या पत्रकाराच्या जोडीदाराला हीथ्रोवर पुरते नऊ तास बसवलं होतं. आखातातल्या मंडळींना तर मी काय सांगणार. २०२० च्या एप्रिलमध्ये अमिरातीत किती भारतीयांच्या नोकऱ्या फेसबुक-ट्विटरवर लिहिल्यापायी गेल्या ते तुम्ही जवळून पाहिलंय. त्यातलं काही लिखाण खरोखरच घाणेरडं होतं, हेही खरं.

आणि आपल्या घरचं? पालघर विसरायचं नाही. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेल्यानंतर मुंबई बंद होती. एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक. लाइक केल्याबद्दल अटक! ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते २०१५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असंही सांगितलं. तेव्हा कागदावर आपण कुठे कमी नाही. अंमलबजावणीचं म्हणाल तर ज्याने त्याने आपल्या गावच्या पोलीस स्टेशनात जाऊन बघावं.

परत विमानतळाकडे येतो, कारण मला दर सुट्टीच्या मोसमात हेच विचारलं जातं, की करायचं काय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या बारा मिनिटांनंतर मी फोन उघडायला चेहरा आणि अंगठा दोन्ही बंद करून टाकले, आता आकडे लागतात. अंगठा जबरदस्तीने लावून घेणं चालतं की नाही यावरही कोर्टांत एकमत नाही: पश्चिमेकडच्या अपील कोर्टाने २०२४ मध्ये ते चालवून घेतलं, वॉशिंग्टनच्या कोर्टाने २०२५ च्या जानेवारीत नाही म्हटलं. आकडे डोक्यात असतात आणि डोक्याचं संरक्षण जरा बरं आहे. उतरायच्या आधी फोन पूर्ण बंद करतो. आईचे रिपोर्ट आता फोनमध्ये ठेवत नाही. ऑफिसचा लॅपटॉप नेताना कंपनीच्या वकिलांना विचारून घ्यावं, त्यांचं धोरण बहुधा ठरलेलं असतं. पण फोन पार कोरा करून नेण्याची हुशारी मी करणार नाही. कोऱ्या फोनकडे बघून कुणालाही वाटणारच की याने काहीतरी पुसलंय. आणि व्हिसाच्या फॉर्मवर खोटं तर अजिबात लिहू नये. खातं असताना 'नाही' लिहिणं हे कुठल्याही कॉमेंटपेक्षा महागात पडतं.

एक लक्षात ठेवा, हे सगळं नागरिकाला परवडतं. ग्रीन कार्डवाल्यालाही थोडंफार. एच-१ वाल्याने 'पासवर्ड देत नाही' म्हटलं तर त्याला सरळ परत पाठवता येतं. २०२५ च्या मार्चमध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाला ह्यूस्टनच्या परिषदेला जाताना परत पाठवलं. फ्रान्सचे मंत्री म्हणाले, फोनमध्ये सरकारच्या विज्ञान-धोरणावर टीका सापडली म्हणून. अमेरिकन सरकार म्हणालं, छे, त्याच्याकडे एका प्रयोगशाळेची गोपनीय माहिती होती म्हणून. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. पण त्यानंतर माझ्या ओळखीतल्या तीन घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण बंदीची पाटी लागली. कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं. आमच्याही ग्रुपवर आता सकाळची फुलं आणि संध्याकाळची औषधं एवढंच चालतं. पाऊस बरा आहे, तब्येती ठीक.

भाचीला शेवटी व्हिसा मिळाला. चार मिनिटांची मुलाखत. पगार किती, काम काय, कंपनी कुठे. फेसबुकचं नावही निघालं नाही. कोणी वाचलं होतं की नाही, देव जाणे. टेक्सासला पोचल्यावर तिचा मेसेज आला: मांजर आधी ओळख दाखवेना, मग दाखवली. आणि खाली, "मामा, माझं पान परत प्रायव्हेट केलंय. तुझा विनोद टाक पाहिजे तर परत."

मी फोटो उघडला. टाइप करायला घेतलं. मग ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिचं पुढचं स्टॅम्पिंग कधी असतं हो?" मी म्हटलं, तीन वर्षांनी. आणि फोन खाली ठेवला.

अजून टाकलेला नाही.

ता. क. : मागच्या खेपेला ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा आकडेच मागतो, चेहरा चालत नाही, हे खरं आहे. घरी करून बघा. मात्र आकडे पाठ असल्याची खात्री आधी करून घ्या. आमच्याकडे एक संध्याकाळ त्यात गेली.